तान्ह्या बाळासोबत प्रवास: दूध, खाणं आणि तासांचा हिशोब

पहिल्यांदा बाळाला घेऊन बाहेर पडणारे आईबाप सगळ्यात आधी विचारतात, "बरोबर काय काय घ्यायचं?" मला वाटतं, त्याआधी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारायला हवा: बाळाच्या तोंडात जाणारं हे दूध किंवा हा घास तयार होऊन किती तास झाले? घरी फ्रिज, गॅस आणि उकळलेलं पाणी हाताशी असतं, त्यामुळे हा हिशोब फारसा करावा लागत नाही. प्रवासात तो आपल्यालाच ठेवावा लागतो. भुकेलेलं बाळ रडून सांगतं, पण बिघडलेलं दूध काहीच सांगत नाही. त्याला वास यायच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात. म्हणून पुढे तासांचे आकडे वारंवार येतील. फोनमध्ये लिहून ठेवा आणि सोबतच्या माणसालाही दाखवा.

इथे दिलेलं सगळं पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळासाठी आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा एखादा आजार असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलणं टाळू नका.

निघण्याआधी

आधी बाळाचं वय पाहा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. पहिले 6 महिने फक्त दूध. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे. या वयात बाळाला वेगळं पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. दुधात पुरेसं पाणी असतं. फार उकडत असेल तर दूध थोड्या थोड्या वेळाने, जास्त वेळा द्या. प्रवासात कुणीतरी मायेपोटी दोन चमचे पाणी पाजायला निघतंच, तेव्हा "अजून सहा महिन्यांचं व्हायचंय" एवढं सांगून थांबवा. 6 महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट. गाईचं दूध पिण्याचं मुख्य दूध म्हणून वर्षानंतरच.

दुसरं म्हणजे निघण्याच्या आठवड्यात काहीही नवीन सुरू करू नका. नवी पावडर नको, नवा पदार्थ नको, अंगावरचं दूध तोडणं तर नकोच. बाळाला पुरळ आलं किंवा जुलाब झाले, तर ते नव्या अन्नाने की प्रवासाने, हे मग कळत नाही, आणि नेहमीचे डॉक्टर लांब राहिलेले असतात. प्रवासात बाबा किंवा आजी बाटलीने पाजणार असतील, तर ती सवय दोन-तीन आठवडे आधीपासून लावा. अंगावर पिणारी काही बाळं बाटली चटकन स्वीकारत नाहीत, हे गाडीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

शक्य असेल तर मोठ्या प्रवासाआधी अर्ध्या दिवसाची एक छोटी फेरी करून पाहा. पिशवीत काय कमी पडतं ते त्या एका फेरीत समजतं.

बाळ अंगावर पीत असेल तर

प्रवासासाठी याहून सोपी सोय नाही. दूध ताजं असतं, कोमट असतं, आणि धुवायला काही नसतं. आईचं जेवणखाण, पाणी आणि बसायला निवांत जागा एवढीच तयारी लागते. समोरून उघडणारे किंवा सैल कपडे घाला, आणि आडोसा हवा असेल तर हलकी ओढणी. ओढणीखाली बाळाचं नाक मोकळं आहे ना आणि आत फार गरम होत नाही ना, याकडे लक्ष असू द्या.

बाळ रडायला लागेपर्यंत थांबू नका. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी ते तोंड वळवून शोधतं, मुठी तोंडात घालतं, ओठ हलवतं. गर्दीत आणि गोंगाटात या खुणा नजरेतून निसटतात. एकदा बाळ रडून लाल झालं की त्याला आधी शांत करावं लागतं, मग पाजता येतं. प्रवासात ते दुप्पट अवघड जातं. म्हणून सामान चढवणं किंवा तपासणीची रांग अशी मोठी धावपळ समोर दिसत असेल, तर आधीच एकदा छातीशी घ्या.

प्रवासात बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळा पिऊ मागतं. त्याचा अर्थ दूध कमी झालं असा नाही. अनोळखी जागी त्याला आईची ऊब हवी असते. दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पहिल्या आठवड्यानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट होत असतील, तर काळजी नको.

आईने स्वतःकडे दुर्लक्ष करू नये. "शौचालयाची सोय नाही" म्हणून पाणी न पिता बसणाऱ्या कितीतरी आया असतात. त्याचा त्रास आधी त्यांनाच होतो: डोकं दुखतं, थकवा येतो. शिवाय पाजण्याच्या दोन-तीन वेळा चुकल्या तर छाती दाटते, गाठी होतात, आणि त्यातून ताप येऊन स्तनदाह होऊ शकतो. बाळ झोपलेलं असेल आणि छाती जड वाटत असेल, तर थोडं दूध हाताने काढून टाका. हाताने दूध काढायला निघण्याआधी शिकून घ्या. दूध काढायचं यंत्र (पंप) बंद पडलं तरी ही कला सोबत राहते.

प्रवासात आईचं पोट बिघडलं, तरी पाजणं थांबवू नका. साध्या जुलाबाचे जंतू दुधातून बाळाकडे जात नाहीत. ते जातात न धुतलेल्या हातांतून. हात साबणाने धुवा, स्वतः भरपूर पाणी आणि ओआरएस घ्या, आणि औषध घेताना "मी बाळाला पाजते" हे आवर्जून सांगा. परदेशी जाण्यासाठी लस घ्यायची असेल तेव्हाही हेच सांगा, कारण पीतज्वराच्या लशीबाबत पाजणाऱ्या आयांना वेगळा सल्ला दिला जातो.

काढलेलं दूध बरोबर न्यायचं तर

ताजं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात 4 तास ठीक राहतं. फ्रिजमध्ये 4 दिवस. गोठवलेल्या बर्फाच्या थैल्या घातलेल्या शीतपिशवीत 24 तास. हवा 25 अंशांपेक्षा गरम असेल, तर 4 तासांवर विसंबू नका. काढल्याबरोबर शीतपिशवीत ठेवा किंवा लगेच पाजा.

शीतपिशवी भरताना बर्फाच्या थैल्या बाटल्यांना चिकटून असाव्यात आणि मधे रिकामी जागा राहू नये. पिशवी उगाच उघडू नका. बाळाच्या इतर वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवल्या की हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. दूध 60 ते 90 मिलीच्या लहान भागांत भरा, कारण बाळाने तोंड लावलेलं दूध 2 तासांत संपलं नाही तर टाकावं लागतं. मेहनतीने काढलेलं दूध ओतून देताना फार वाईट वाटतं. लहान भाग केले की ती वेळ कमी येते.

गोठवलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून फ्रिजमध्ये 24 तास, आणि बाहेर 1 ते 2 तास चालतं. ते परत गोठवायचं नाही. ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो, तो नेहमीचाच आहे. बाटली हळूच गोल फिरवली की मिसळतो. गरम करायची सोय नसेल तर गार दूधही देता येतं, बाळाने घेतलं म्हणजे झालं. कोमट करायचं असेल तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरा. मायक्रोवेव्ह नको. त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं, आणि बाटली बाहेरून कोमट लागते.

विजेवरचं यंत्र नेत असाल तर ते तिथल्या विजेच्या दाबावर चालतं का ते पाहा. काही देशांत तो 110 ते 120 व्होल्ट असतो, बऱ्याच देशांत 220 ते 240.

पावडरचं दूध: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते, हे फार जणांना माहीत नसतं. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो. त्याची लागण दुर्मीळ आहे, पण झाली तर गंभीर असते, विशेषतः 2 महिन्यांखालच्या आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर किमान 70 अंश गरम पाण्यात कालवावी. कोमट पाण्यात पावडर विरघळते, पण जंतू मरत नाहीत.

प्रवासात दोन सोयीचे मार्ग सुचतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, सकाळीच चार बाटल्या कालवून पिशवीत टाकणं. दुसरा, थर्मासमध्ये कोमट पाणी भरून घेऊन हवं तेव्हा त्यात पावडर घालणं. पहिल्यात जंतूंना वाढायला वेळ मिळतो, दुसऱ्यात ऊब.

योग्य पद्धत अशी. नुकतंच उकळलेलं पाणी थर्मासमध्ये गळ्यापर्यंत भरा. चांगला थर्मास पूर्ण भरलेला असेल तर पाणी काही तास 70 अंशांच्या वर राहतं, अर्धा भरला तर लवकर निवतं. पावडर एकेका वेळेपुरती मोजून कोरड्या, निर्जंतुक डब्यांत भरा. बाटल्या निर्जंतुक करून, बूच लावून, रिकाम्याच न्या. बाळाला भूक लागली की हात धुवा, बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला, झाकण लावून हलवा. मग बाटली गार पाण्यात धरून निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहा. दूध कोमट लागलं पाहिजे. हे गरम पाण्याचं काम बाळाला मांडीवर घेऊन करू नका, धावत्या गाडीत तर मुळीच नको. एकाने बाळ घ्यावं, दुसऱ्याने बाटली करावी.

माप डब्यावर लिहिलेलंच, आणि चमचा त्याच डब्यातला. वर शीग न ठेवता सपाट भरायचा. पावडर पुरावी म्हणून दूध पातळ केलं तर बाळाला पोषण कमी पडतं आणि रक्तातले क्षार बिघडू शकतात. "जास्त वेळ पोट भरलेलं राहील" म्हणून घट्ट केलं तर बद्धकोष्ठ होतं आणि अंगातलं पाणी कमी पडतं. त्यापेक्षा एक डबा जास्त न्या. गाडी रखडते, विमान रद्द होतं, म्हणून ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान एका दिवसाची पावडर जास्त असावी. एकाच नावाची पावडर दुसऱ्या देशात वेगळी असू शकते, तेव्हा "तिथे मिळेल" यावर अवलंबून राहू नका.

कालवलेलं दूध 2 तासांत पाजायचं. बाळाने तोंड लावल्यापासून 1 तास. उरलं तर टाकायचं, पुन्हा गरम करायचं नाही. लगेच फ्रिजमध्ये ठेवलं आणि तोंड लागलेलं नसलं, तरच ते 24 तास चालतं.

पाण्याबद्दल: बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसतं, उकळावंच लागतं. शिवाय खनिजं जास्त असलेलं पाणी बाळाला नको. बाटलीवर पाहा, सोडियम लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आणि सल्फेट 250 च्या खाली हवं. मुक्कामाच्या खोलीतली किटली असेल तर पहिलं उकळलेलं पाणी फेकून द्या आणि दुसरं वापरा.

काही ठिकाणी तयार द्रवरूप दूधही मिळतं, सीलबंद आणि उघडेपर्यंत निर्जंतुक. ते महाग पडतं, रोजच्यासाठी घेण्याचं कारण नाही. पण बाळ 2 महिन्यांखालचं असेल, किंवा विमानाचा लांब पल्ला असेल, तर तेवढ्यापुरतं मी तेच निवडेन. अर्थात बाळाला त्याची चव घरी आधी दाखवून.

6 महिन्यांनंतरचं खाणं

इथे थोडं मोकळं होता येतं. सालीसकट नेलेलं केळं घ्या, हात धुवा, सोला, काट्याने कुस्करा आणि भरवा. आयत्या वेळी सोलून कुस्करता येणारी मऊ फळं आणि गरम पाण्यात कालवता येणारी कोरडी धान्यं यांवर दोन-चार दिवस छान निघतात. शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हवा 32 अंशांपेक्षा गरम असेल तर 1 तासच. तयार लगद्याच्या पुड्या सोयीच्या आहेत. पण पुडी बाळाच्या तोंडाला लावलीत तर उरलेलं टाकावं लागतं, म्हणून वाटीत काढून चमच्याने भरवा.

वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते विष तयार करतात. मीठ-साखरही नको.

धावत्या गाडीत घास भरवू नका. धक्का बसला की घास घशात अडकतो, आणि गाडी चालवणाऱ्याला मागे वळून पाहता येत नाही. बाळ ताठ बसलेलं, गाडी थांबलेली, आणि समोर एक मोठं माणूस, असं असेल तरच भरवा. अख्खी द्राक्षं, दाणे, लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे पिशवीतच नकोत.

प्रवासात बाळाचं खाणं कमी होतं. होऊ द्या, जबरदस्ती करू नका. वर्षाच्या आत दूध हेच मुख्य अन्न आहे, आणि ते नीट पीत असेल तर दोन-तीन दिवस घास कमी गेल्याने काही बिघडत नाही.

गाडीत, रेल्वेत, विमानात

मोटारीत बाळ त्याच्या सुरक्षा आसनातच बांधलेलं हवं. "दोन मिनिटं पाजते" म्हणून धावत्या गाडीत त्याला बाहेर काढू नका. अचानक ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातांत तेवढा जोर नसतो. आसनात बाटली उशीला टेकवून ठेवणंही धोक्याचं, कारण दूध घशात जातं. साधारण दर दोन तासांनी गाडी सुरक्षित जागी थांबवा, बाळाला बाहेर घ्या, पाजा, ढेकर काढा, थोडं आडवं-उभं करा आणि मग पुढे निघा. याने प्रवास लांबतो, म्हणून वेळ आधीच वाढवून धरा.

रेल्वे त्या मानाने निवांत. बाळाला कधीही जवळ घेता येतं.

विमानात हवेचा दाब बदलतो आणि बाळाचे कान दुखतात. गिळताना कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो, म्हणून त्या वेळी चोखणं-गिळणं चालू राहिलेलं चांगलं. त्रास चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतो, आणि उतरणं जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. ती भूक राखून ठेवा, आधीच पोटभर पाजून ठेवू नका. चढताना विमान वेग घेऊ लागलं की पाजायला घ्या. त्याआधी ते धावपट्टीजवळ बराच वेळ उभं राहू शकतं आणि बाळ तेवढ्यात पिऊन झोपतं.

बऱ्याच देशांत हातातल्या सामानात एका बाटलीत 100 मिलीपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही, पण बाळाच्या दुधाला आणि अन्नाला बहुतेक ठिकाणी सूट असते. ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या वेळी आपणहून सांगा. क्ष-किरणांनी दूध बिघडत नाही. गोठवलेल्या दुधाबद्दल मात्र नियम वेगळे असतात, काही देश ते हातातल्या सामानात चालू देत नाहीत. तिकीट काढतानाच विचारून घ्या. दूध, पावडर आणि यंत्र मोठ्या सामानात टाकू नका, ते सामान हरवूही शकतं.

मुक्कामी पोचल्यावर

आधी बाटल्या. साबणाच्या गरम पाण्याने, फक्त बाटलीसाठी ठेवलेल्या ब्रशने धुवा आणि नंतर 5 मिनिटं उकळा. हात धुण्याच्या बेसिनमध्ये त्या थेट ठेवू नका, एक छोटं टोपलं सोबत असू द्या. उकळायची सोय नसेल तर थंड पाण्यात टाकायच्या निर्जंतुकीकरणाच्या गोळ्या मिळतात. पाकिटावर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्या. उघडा, छोटा कप बाटलीपेक्षा धुवायला कितीतरी सोपा असतो. बाळाला कपाने प्यायची सवय असेल तर प्रवासात तोच वापरा.

घड्याळ बदलणाऱ्या प्रवासात लहान बाळाला वेळेत बसवायचा खटाटोप नको. भूक लागेल तेव्हा पाजा. वरचं खाणाऱ्या बाळाला तिथल्या सकाळी नाश्ता, तिथल्या दुपारी जेवण द्या आणि दिवसा उजेडात खेळवा. रात्री उठलं तर अंधारातच, फार न बोलता दूध द्या.

थांबून डॉक्टर कधी गाठायचा

6 ते 8 तासांत एकही लंगोट ओला नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल आणि पिण्यात रस नाही, अशी लक्षणं दिसली तर पुढचा प्रवास बाजूला ठेवा. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, शीमध्ये रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, तर लगेच दवाखाना गाठा. जुलाब होत असतील तर अंगावरचं किंवा नेहमीचं दूध चालूच ठेवा. ओआरएस किती द्यायचं ते विशेषतः 6 महिन्यांखालच्या बाळासाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि ते कालवायला उकळून गार केलेलंच पाणी वापरा. मुक्कामाजवळचं बालरुग्णालय कुठे आहे, त्याचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच लिहून ठेवा. त्याच कागदावर बाळाचं वजन, त्याला चालू असलेली औषधं आणि दुधाचं नाव लिहा, आणि एक प्रत सोबतच्या माणसाकडे द्या.